जुन्या लॅपटॉपवर होम असिस्टंट: एक पावसाळा काढल्यावर

होम असिस्टंट, म्हणजे घरातले दिवे, गिझर, सेन्सर फोनवरून आणि आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर, घरात बसवून आता वर्ष होत आलं. मुलुंड, जुनी बिल्डिंग, दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात आई-बाबा, बायको आणि मी. एवढं आधी सांगतोय कारण यूट्यूबवर जे सेटअप दाखवतात ते बहुतेक एकट्या माणसाच्या हौसेचे असतात, स्विचला कोणी हातच लावत नाही तिथे. आमच्याकडे चार माणसं आणि चौघांचे हात बोर्डावर.

सॉफ्टवेअर फुकट आहे आणि खरंच दमदार आहे, पण मेहनत त्यात नाहीये. ते एका रविवारात बसलं. कुठला बल्ब, कुठला रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा डबा), कुठला सेन्सर घ्यायचा ह्यात महिने गेले, आणि आज कोणी विचारलं तर मी हेच सांगतो की आधी सॉफ्टवेअर टाका, त्यात काय नीट चालतं ते बघा आणि मग वस्तू घ्या. सेलमध्ये स्वस्त मिळाले म्हणून आधी बल्ब उचलायचे आणि मग ते जोडत बसायचं, हा उलटा धंदा आहे.

ह्या सगळ्यात पडलो त्याचं कारणही बल्बच. आमच्याकडे आधी एका कंपनीचे वायफाय बल्ब होते, त्यांचं स्वतःचं ॲप. हॉलमधला दिवा लावायचा तर हुकूम आधी कुठल्यातरी लांबच्या सर्व्हरवर जाणार आणि तिथून परत हॉलमध्ये येणार. पावसात केबलवाल्याची लाइन गेली की ॲप नुसतं गोल गोल फिरत बसायचं आणि बाबा शांतपणे उठून बटण दाबायचे. होम असिस्टंटचा मुद्दा हाच की डोकं घरात. तुमच्या कॉम्प्युटरवर चालतं, नेट असो नसो. पाउलस स्खाउटसेन नावाच्या माणसाने २०१३ मध्ये पायथनमध्ये सुरू केलेला हा प्रोजेक्ट, ओपन सोर्स आहे, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन नावाच्या संस्थेकडे आहे, म्हणजे उद्या कोणी विकत घेऊन दुकान बंद केलं असं होण्याची भीती कमी. ओपनहॅब पण पाहिलं होतं, ते त्याहून जुनं आहे, जावावर चालतं, पण मला ते रुचलं नाही. चवीचा प्रश्न.

आता इन्स्टॉलेशन. दोन रस्ते आहेत सरळ. एक, होम असिस्टंट ओएस, म्हणजे अख्खं मशीन त्यालाच द्यायचं, आधीचं सगळं पुसलं जातं, मग तो रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर असो की जुना पीसी. दुसरा, लिनक्स टाकून त्यावर डॉकर कंटेनर, म्हणजे एकाच मशीनवर प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या वेगळ्या डब्यात. जुन्या व्हिडिओंमध्ये सुपरवाइज्ड आणि कोअर अशा अजून दोन पद्धती दाखवतात, त्यांच्या नादी लागू नका, त्यांचा अधिकृत सपोर्ट २०२५ मध्येच बंद केलाय. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्समध्येही, म्हणजे पीसीच्या आत दुसरा नकली पीसी करून, चालतं, फक्त त्याच्या सेटिंगमध्ये ईएफआय चालू करायचं आणि नेटवर्क ब्रिज्ड ठेवायचं, नाहीतर घरातल्या वस्तू त्याला दिसतच नाहीत. पण मग तो पीसी रात्रंदिवस चालू ठेवायचा आणि विंडोजने मध्यरात्री अपडेट करून रिस्टार्ट मारला की सकाळी गिझर थंड. चाखून बघायला ठीक आहे.

माझ्याकडे ऑफिसच्या लिलावात घेतलेला जुना थिंकपॅड पडून होता, त्यावर डेबियन लिनक्स टाकलं आणि डॉकर. कंटेनरला नेटवर्क मोड होस्ट दिलं, कॉन्फिगचा फोल्डर बाहेर काढून ठेवला, टाइमझोन एशिया कोलकाता, आणि ब्राउझरमध्ये ८१२३ पोर्टवर उघडलं. झालं. ह्या पद्धतीत तोटा एकच, ॲड-ऑनचं, म्हणजे एका क्लिकमध्ये बसणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरचं, दुकान मिळत नाही. झिगबी म्हणजे सेन्सर-प्लगचं वायफायपेक्षा वेगळं, कमी विजेचं वायरलेस, आणि त्याचे निरोप होम असिस्टंटपर्यंत पोचवणारे मॉस्किटो ब्रोकर आणि झिगबी टू एमक्यूटीटी हे वेगळे कंटेनर म्हणून स्वतःच चालवायचे. मला डॉकर येतं म्हणून चाललं. ज्याला कमांड लाइनचा कंटाळा आहे त्याने सरळ ओएस टाकावं, उगाच शहाणपणा करू नये.

लॅपटॉपबद्दल दोन गोष्टी कोणी सांगत नाही. झाकण मिटलं की मशीन झोपतं, ते थांबवायला लिनक्सच्या लॉगइनडी नावाच्या भागाच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिड स्विचला इग्नोर लिहावं लागतं. आणि बॅटरी. चोवीस तास चार्जिंगला लावलेला लॅपटॉप, त्यात मुंबईचा मे महिना, बॅटरी फुगायला कितीसा वेळ लागतोय. टीएलपी नावाचं टूल आहे, त्यात थिंकपॅडला ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवता येतं, ते पहिल्याच दिवशी करून टाका. ह्याच बॅटरीचा फायदा असा की लाइट दहा मिनिटं गेली तरी डोकं चालू राहतं. विजेचं म्हणाल तर स्क्रीन बंद असताना साधारण १५ वॉट धरले तर महिन्याला ११ युनिटच्या आसपास, रास्पबेरी पाय ह्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात भागवतो. पण पाय विकत घ्यावा लागतो, लॅपटॉप घरात होता. शिवाय मेमरी कार्डावर सतत डेटाबेस लिहिला गेला की कार्ड झिजतं, इथे एसएसडी आहे. डेटाबेस म्हणजे कुठला दिवा कधी लागला ह्याची वही, ती मुळात दहा दिवसांचीच ठेवली जाते, तेवढी पुरते.

बोर्ड. हा विषय मोठा आहे. स्मार्ट बल्ब ही गोष्ट आपल्या घरांना चालत नाही असं माझं ठाम मत झालंय, कारण आईने बोर्डावरचं बटण बंद केलं की बल्बचा करंटच जातो आणि मग ऑटोमेशन कोणाला हाका मारणार? त्याऐवजी बटणाच्या मागे छोटा रिले बसवायचा, बटण आहे तिथेच आणि तसंच चालतं, फोनवरूनही चालतं. घरच्यांना नवीन काही शिकवावं लागत नाही. पण बहुतेक रिलेंना न्यूट्रल लागतो. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे न्यूट्रल असतोच, नुसत्या दिवे-पंख्याच्या बोर्डात मात्र जुन्या बिल्डिंगमध्ये बऱ्याचदा फक्त फेज आणलेली असते. आमच्या वायरमनने पहिला बोर्ड उघडला, आत वायरींची खिचडी, पेटी उथळ, आणि तो म्हणाला, "साहेब, ह्यात बोट जाईना माझं, तुमचा डबा कुठे बसवू?" शेवटी बेडरूमला शेजारच्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रल ओढला आणि हॉलला पेटीच बदलून खोल घेतली. हे काम स्वतः करू नका, माणूस बोलवा, एमसीबी पाडूनच करायचं.

गिझरला हे छोटे रिले वापरू नका. दोन किलोवॉटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास खेचतो, तीन किलोवॉटचा इन्स्टंट १३ च्या, आणि बरेच स्वस्त रिले १० अँपिअरचे असतात. सोळा अँपिअरचा स्मार्ट प्लग किंवा कॉन्टॅक्टर, म्हणजे जड करंटसाठीचा मोठा रिले, घ्या. आमचा गिझर सकाळी पावणेसहाला लागतो, वीस मिनिटांनी बंद, आणि मध्ये कोणी हाताने लावला तर अर्ध्या तासाने आपोआप बंद होतो. बाकी सगळं काढून टाका म्हटलं तरी बायको हे एक काढू देणार नाही.

झिगबीचे सेन्सर चांगले, बटण सेलवर वर्ष-वर्ष चालतात, फक्त झिगबी पण वायफायच्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं आणि आमच्याकडे फोनवर वायफायची यादी उघडली की वरच्या-खालच्या मजल्यांची मिळून स्क्रीन भरते. सुरुवातीला सेन्सर नेटवर्कमधून सारखे गळायचे. दोन गोष्टींनी फरक पडला. झिगबीची डोंगल, म्हणजे लॅपटॉपला झिगबी बोलता यावं म्हणून लावायची यूएसबी कांडी, थेट न खोचता यूएसबीच्या एक्स्टेन्शन वायरवर लांब ठेवली, कारण यूएसबी थ्रीचा पोर्ट स्वतःच त्या पट्ट्यात गोंगाट करतो, आणि झिगबीचा चॅनल २५ केला, तो वायफायच्या गर्दीच्या बाहेर पडतो. आरसीसीच्या भिंतींवर उपाय म्हणजे मध्ये कुठेतरी झिगबीचा प्लग लावायचा, मेनवर चालणारी वस्तू सिग्नल पुढे ढकलते, सेलवरची ढकलत नाही. वायरलेस वस्तू घेताना मी एकच बघतो, कंपनीच्या सर्व्हरशिवाय चालते का. झिगबी चालतं, ईएसपीहोम (छोट्या वायफाय चिपवर टाकायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकलेलं चालतं, शेली कंपनीचे रिले चालतात. तुया ह्या चिनी कंपनीच्या क्लाउडवर चालणारे बल्ब-प्लग जोडता येतात पण त्यांचा अधिकृत रस्ता क्लाउडमधूनच जातो, घरातल्या घरात चालवायला प्रत्येक वस्तूची गुप्त की काढायची उठाठेव करावी लागते. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, गेलात तर पुठ्ठ्यावर झिगबी लिहिलंय की वायफाय एवढं तरी वाचून घ्या, दुकानदार दोन्हीला स्मार्टच म्हणतो.

सगळ्यात कामाची वस्तू निघाली ती सगळ्यात स्वस्त, पाण्याचा सेन्सर. आमच्याकडे पाणी सकाळी ठरावीक वेळ येतं. नळ कोरडा असताना कोणीतरी उघडून बघतं, तसाच ठेवून जातं, आणि पाणी आलं की मोरीतून पॅसेजपर्यंत. आता मोरीच्या उंबऱ्याला दोन धातूचे ठिपके असलेली ती चकती ठेवलीय, ओली झाली की चौघांच्या फोनवर मेसेज. जुलैत मात्र नुसत्या पुसलेल्या लादीनेही बोंबलायची, म्हणून ऑटोमेशनमध्ये एक मिनिट सलग ओली असेल तरच, असं घातलं. तसंच वॉशिंग मशीनचं. प्लग वॉट मोजतो, पाच वॉटच्या खाली गेलं की धुणं झालं असं धरलं होतं, पण मशीन मध्ये भिजवत ठेवताना पण तेवढंच खाली जातं, मग तीन मिनिटं सलग खाली हवं असं केलं. ऑटोमेशनमध्ये सगळी गंमत ह्या "सलग किती वेळ" मध्येच आहे.

एसी आयआर ब्लास्टरवर, म्हणजे रिमोटची नक्कल करणाऱ्या डबीवर, आहे. चालतो, पण हे एकतर्फी बोलणं. बाबांनी रिमोटने एसी बंद केला तर सॉफ्टवेअरला पत्ता नाही, डॅशबोर्डवर तो चालूच. जाणवलं तर खोलीच्या तापमानावरूनच. हॉलमध्ये हालचाल टिपणारा रडार सेन्सर लावला तर तो पंख्यालाच माणूस समजायला लागला, मग तो कोपऱ्यात खाली वळवून लावला, तरी अधूनमधून पंख्याचा पाहुणचार करतोच.

वायएएमएल, म्हणजे सेटिंग लिहायची फाइल, आता फार कमी लिहावी लागते, बहुतेक सगळं स्क्रीनवर क्लिक करून होतं. लिहायची वेळ आलीच तर स्पेसची शिस्त पाळा, टॅब मारला की बोंबललं. अपडेट दर महिन्याला येतं, पहिल्या बुधवारी, आणि प्रत्येक वेळी काय मोडणार ह्याची यादी नोट्समध्ये असते. ती वाचायची. मी नवीन आलं की लगेच टाकत नाही, त्यानंतरचे एक-दोन छोटे दुरुस्तीचे अपडेट येऊन जाऊ देतो, आणि गुरुवारी ऑफिस असताना तर अजिबात नाही. बॅकअप आपोआप निघतो, पण एन्क्रिप्टेड असतो, तेव्हा त्याची चावी लॅपटॉपच्या बाहेर कुठेतरी लिहून ठेवा, नाहीतर बॅकअप असून नसल्यासारखा.

बाहेरून बघायचं तर आमच्या नेटवाल्याचा पब्लिक आयपी मिळतच नाही, अनेकांमध्ये एक वाटलेला असतो, म्हणून पोर्ट फॉरवर्डिंगचे, म्हणजे बाहेरून थेट घरात दार उघडायचे, सगळे व्हिडिओ आमच्यासाठी बाद. टेलस्केल टाकलं, म्हणजे फोन आणि घर ह्यांना जोडणारं खासगी नेटवर्क, फुकटात भागतंय. नाबू कासा ह्या, होम असिस्टंटवाल्यांच्याच कंपनीचं पैसे भरून घेण्याचं क्लाउडही आहे, ज्याला डोकं लावायचं नाही त्याच्यासाठी तेच बरं, आणि त्या पैशातून प्रोजेक्टही चालतो.

खर्चात रिले आणि वायरमनची मजुरी हेच मोठं, बाकी किरकोळ. आता बाल्कनीत कुंड्यांसाठी ओलाव्याचा सेन्सर लावायचा विचार आहे, ईएसपीहोमवर. मेन दरवाजाचं कुलूप मात्र मी ह्याला जोडणार नाही, बायकोने दोनदा विचारलं तरी, तिथे चावीच बरी.