प्लेअर अस्सल, कार्ड बनावट : नागपुरातल्या एका व्यवहाराची हकिकत

प्लेअर अस्सल होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी फसवणूक त्या अस्सलपणाच्या आडूनच झाली. मला सेकंडहँड म्युझिक प्लेअर विकणारा माणूस खोटा प्लेअर घेऊन आला असता तर मी तिथल्या तिथे उठलो असतो. तो खरा प्लेअर घेऊन आला, म्हणून त्याच्यासोबतच्या बाकीच्या गोष्टीही खऱ्या वाटल्या. नागपूर, वर्धा, अमरावती भागात हा प्रकार आणखी लोकांबरोबर झाल्याचं आता कळलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

वस्तू होती सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१ए हा वॉकमन. २०१६ साली सोनीने दोन महागडे प्लेअर काढले. थोरला सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याचा, धाकटा ॲल्युमिनियमचा. हा त्यातला धाकटा. वजन पाव किलोहून थोडं जास्त, वर हेडफोनचे दोन जॅक, एक नेहमीचा ३.५ मिमीचा आणि दुसरा ४.४ मिमीचा बॅलन्स्ड (डाव्या-उजव्या कानाची जोडणी वेगळी ठेवणारा). आत १२८ जीबी जागा आणि एका मायक्रोएसडी कार्डाची खाच. ब्लूटूथ आहे, वायफाय नाही, म्हणजे इंटरनेटवरून गाणं ऐकायची सोयच नाही. जे काही ऐकायचं ते फाइल म्हणून आत हवं. २०२२ साली त्याच्या जागी अँड्रॉइड आणि वायफाय असलेलं नवं मॉडेल आलं. तरी जुन्याचा आवाज आवडणारे पुष्कळ लोक अजून हाच शोधतात आणि तो सेकंडहँडच मिळतो.

वायफाय नाही ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या प्लेअरला फक्त फाइली चालतात त्याच्या मालकाला चांगल्या फाइलींची भूक असते. विकणाऱ्याने तीच हेरली होती.

आमची भेट लक्ष्मीभवन चौकाजवळ एका कॉफीच्या दुकानात झाली. पस्तिशीचा, नीटनेटका, मृदू बोलणारा माणूस. मी माझे हेडफोन नेले होते. प्लेअर जिथे जिथे तपासायचा तिथे तपासला: दोन्ही जॅक, व्हॉल्यूमची बटणं, स्क्रीनचे कोपरे, चार्जिंगची ती खास सोनीची केबल (ती हरवली तर प्लेअर चार्जच होत नाही, आणि ती कुठल्याही दुकानात मिळत नाही). सगळं ठीक होतं. प्लेअरचे त्याने ४२,००० सांगितले. मग खिशातून एक छोटी डबी काढली.

"काका, हे कार्ड घ्या जी. एक टीबीचं आहे. वीस वर्षं सीड्या जमवल्या, एकेक बसून उतरवून काढली. सातशे तासांच्या वर शास्त्रीय आहे. सगळं चोवीस बिट, शहाण्णव किलोहर्ट्झ. तुमच्यासारखा ऐकणारा भेटला म्हणून देऊन राहिलो, नाही तर देतो काऊन?"

कार्डासकट ६०,०००. सीड्या वर्ध्याला घरी आहेत, पुढच्या आठवड्यात त्याही आणून देतो म्हणाला, म्हणजे फाइलींवर मालकीही तुमचीच. मी शंका काढण्याआधीच त्याने उत्तर देऊन ठेवलं होतं.

कार्ड प्लेअरमध्ये घातलं. प्लेअरच्या सेटिंगमध्ये एक टीबीच्या आसपासचा आकडा दिसला. फोल्डरांची यादी उघडली तर गायकांची नावं संपता संपेनात. किराणा, जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा, सगळी घराणी हजर. त्याने स्वतःच्या हाताने वरच्या एका फोल्डरमधला मारवा राग लावला. स्क्रीनवर एफएलएसी (आवाजाची काटछाट न करणारा फाइलीचा प्रकार), ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट (आवाज किती बारकाईने नोंदला त्याचे आकडे) असं आलं. गाणं सुरेख वाजलं. मी यूपीआयने पैसे दिले.

घरी आल्यावर दोन-तीन दिवस मी वरवरच्या फोल्डरांतलंच ऐकत होतो. मग यादीच्या मध्यावरचं एक फोल्डर उघडलं, तर फाइलींची नावं दिसत होती पण वाजत एकही नव्हती. प्लेअर एकीवरून दुसरीवर उड्या मारत पुढे जात होता. त्याच्या खालचं फोल्डर रिकामं. आणखी खाली गेलो तर नावांच्या जागी अगम्य चिन्हं. कार्ड काढून संगणकाला लावलं आणि एफ३ नावाच्या मोफत प्रोग्रॅमने तपासलं. विंडोजवर याच कामासाठी एचटूटेस्टडब्ल्यू वापरतात. दोन्ही प्रोग्रॅम कार्डावर काठोकाठ माहिती लिहितात आणि लिहिलेलं जसंच्या तसं परत वाचता येतं का ते पाहतात. (हे करण्याआधी कार्डावर जे वाचता येत होतं ते सगळं, यादीच्या फोटोंसह, मी बाजूला काढून ठेवलं. चाचणीने कार्डावरचं जुनं पुसलं जाऊ शकतं.) कार्डात खरी जागा ६४ जीबीहून कमी निघाली.

हे होतं कसं ते समजून घ्या. प्रत्येक मेमरी कार्डात साठवणुकीच्या चिपसोबत एक कंट्रोलर असतो. आपल्याकडे किती जागा आहे ते संगणकाला किंवा प्लेअरला तो सांगतो आणि त्याचं सांगणं पडताळायची पद्धत प्लेअरकडे नसते. बनावट कार्डात हा कंट्रोलर बदलून त्याला खोटं बोलायला लावलेलं असतं. तुम्ही त्यावर ८०० जीबी उतरवा, संगणक "झालं" असं सांगेल, कारण कंट्रोलर प्रत्येक वेळी "लिहिलं" असा होकार देतो. प्रत्यक्षात खरी जागा भरल्यावर पुढचं सगळं वाऱ्यावर जातं, किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं. फोल्डरांची मुख्य यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या भागात असते, म्हणून ती शाबूत राहते. वरची फोल्डरं वाजतात, यादी भरगच्च दिसते आणि खालचं पोकळ. विकणाऱ्याने वरचंच फोल्डर स्वतः का लावलं हे आता कळतं.

खरी १ टीबीची मायक्रोएसडी कार्डं २०१९ पासून बाजारात आहेत, त्यामुळे "एवढं मोठं कार्ड असतं का" असा प्रश्नही कोणाला पडत नाही. आणि अशा कार्डाची पूर्ण चाचणी कॉफी पिता पिता होत नाही. सेकंदाला २० एमबीच्या वेगाने १ टीबी नुसतं लिहायलाच चौदा तासांच्या आसपास लागतात, वाचायला आणखी वेगळे.

एवढ्यावर थांबलं असतं तर कार्डाचे पैसे बुडाले म्हणून सोडून दिलं असतं. पण जे वाजत होतं त्याच्याविषयीही मन साशंक झालं. रात्री, घर शांत असताना, तो मारवा पुन्हा लावला आणि गायकाकडे नाही तर मागच्या तानपुऱ्याकडे लक्ष दिलं. तानपुऱ्याच्या तारेखाली, घोडीवर, जो धागा सरकवतात त्याने जवारी लागते आणि एका स्वरातून वरचे असंख्य उपस्वर फुटत राहतात. चांगल्या ध्वनिमुद्रणात त्या उपस्वरांची झिलई सलग आणि स्थिर ऐकू येते. इथे ती पाण्याखाली गेल्यासारखी हलत होती, मध्येच विरत होती, तबल्याची चाट पडली की क्षणभर दबत होती. कमी बिटरेटच्या (सेकंदाला कमी माहिती ठेवणाऱ्या) एमपी३मध्ये हेच होतं, कारण फाइल लहान करताना वरच्या स्वरांची काटछाट सगळ्यात आधी होते.

मग फाइली स्पेक या मोफत प्रोग्रॅममध्ये टाकल्या. तो आवाजाचं चित्र काढतो: खाली खर्ज, वर तार, जिथे आवाज आहे तिथे रंग. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीत ४८ किलोहर्ट्झपर्यंत जागा असते. या फाइलींत १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ आणि तिच्यावर मिट्ट काळोख. कुणीतरी १२८ केबीपीएसच्या आसपासच्या एमपी३ घेऊन त्यांना नुसतं मोठ्या फाइलीत भरलं होतं. प्लेअर स्क्रीनवर ९६ आणि २४ दाखवतो ते फाइलीच्या माथ्यावर लिहिलेलं असतं म्हणून. आत काय आहे याची तो ग्वाही देत नाही. एक मात्र सांगायला हवं. जुन्या ध्वनिमुद्रणांत वरचे स्वर मुळातच कमी असतात. पण तिथे रंग हळूहळू फिका होत जातो, वर टेपची खरखर दिसते. अशी ताठ कापलेली रेघ सगळ्या फाइलींत एकाच उंचीवर दिसली तर ती बहुधा एमपी३चीच.

आणि खरं तर यासाठी कुठला प्रोग्रॅमही लागत नव्हता. सीडीवरचं संगीत १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झचंच असतं. सीडीची व्याख्याच ती आहे. सीडीवरून उतरवलेली फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची दिसत असेल तर वरचे आकडे मागाहून फुगवलेले आहेत. "माझ्या सीड्यांवरून उतरवलं" आणि "सगळं चोवीस-शहाण्णव" ही दोन वाक्यं एकाच तोंडून आली की तिथेच उठायचं. तसंच १९३०च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर कुणी १९२ किलोहर्ट्झचं लेबल लावून जादा पैसे मागत असेल तर त्या आकड्याला ऐकण्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. तबकडी कोणत्या प्रतीची होती आणि उतरवणाऱ्याचा हात कसा होता, आवाज त्यावर ठरतो.

फोन केला तेव्हा भाषा बदलली होती. "प्लेअर चांगला आहे ना जी? कार्ड तर मी फुकट दिलं होतं." सीड्यांचा विषय काढला तर फोन कट. त्यानंतर नंबर बंद. माझी अडचण अशी की पैसे एकाच हप्त्यात गेले होते आणि यूपीआयच्या नोंदीत फक्त "प्लेअर" एवढंच होतं. कार्डाचे १८,००० वेगळे ठरले होते हे आमच्या तोंडी बोलण्यात. नशिबाने भेटीआधीच्या व्हॉट्सॲपवर त्याने "कार्डसह ६०" असं लिहिलं होतं. पोलिसांत अर्ज देताना तेवढी एक ओळ कामी आली. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, जुनं ४२० शोधत बसू नका.

काही दिवसांनी वसंतराव देशपांडे सभागृहात एका मैफलीच्या मध्यंतरात अमरावतीच्या एका ओळखीच्या गृहस्थांशी हा विषय निघाला. त्यांनी दुसऱ्याच मॉडेलचा प्लेअर घेतला होता, विकणाराही नावाने वेगळा, पण कार्ड तेच. फोनवरचे फोटो शेजारी धरून पाहिले: फोल्डरांचा तोच क्रम, स्पेलिंगच्या त्याच चुका, "मारवा"च्या शेवटी तोच जास्तीचा एच. म्हणजे कोणी तरी ही कार्डं घाऊक बनवतोय आणि खऱ्या प्लेअरला जोडून खपवतोय. याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. ज्या माणसाला तानपुरा ऐकू येतो त्यालाच गाठून, त्याच्या आवडीलाच गळ लावायचा.

यामुळे तक्रारीचं स्वरूपही बदलतं. एका व्यक्तीने दुसऱ्याला वापरलेली वस्तू विकली तर ग्राहक आयोगाची वाट अवघड असते. पण तोच माल पुन्हा पुन्हा विकणारा व्यापारी ठरू शकतो आणि मग २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा हाताशी येतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारपूस करता येते. कुणी भेटण्याआधीच ऑनलाइन टोकन मागून गायब झाला असेल तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायचा. दुसऱ्याच्या हक्काच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती परवानगीशिवाय काढून विकणं हा १९५७च्या कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा आहे, हेही स्पष्ट बोलू या. "भरलेलं कार्ड" विकत घेणाऱ्याची बाजू त्यामुळे कमकुवत होते आणि विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

सेकंडहँड प्लेअर घेणाऱ्यांना माझं सांगणं असं. प्लेअर रिकामा घ्या, कार्ड दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि त्यात काही भरण्याआधी पूर्ण तपासा. ऐकून पाहताना तुमच्या स्वतःच्या, ओळखीच्या फाइली न्या. प्लेअरचं डायरेक्ट सोर्स चालू करा, म्हणजे इक्वलायझर आणि बाकीचे चकाकी आणणारे परिणाम बंद होतात. बॅटरीकडे नीट पाहा. हा वॉकमन नवा असताना एका चार्जवर ३० तासांच्या आसपास चालायचा. नागपूरच्या मे महिन्यात गाडीत राहिलेला प्लेअर तेवढा चालेलच असं नाही, आणि पाठ किंवा स्क्रीन जराही उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. मूळ बिल मागाच. फोनला आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) असतो, चोरीचा आहे का ते सरकारी पोर्टलवर पाहता येतं. या प्लेअरला सिमच नाही, त्यामुळे आयएमईआयही नाही. बिल आणि मागचा सीरियल नंबर एवढाच पुरावा. आणि पैसे देताना काय काय घेतलं, कशाचे किती, हे समोरच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.

ज्यांच्याकडे असं कार्ड आधीच आलंय त्यांनी ते फॉरमॅट करू नये आणि रागाने फेकूनही देऊ नये. आधी फोल्डरांच्या यादीचे फोटो काढा, वाचता येतंय तेवढं संगणकावर उतरवून ठेवा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि सगळे मेसेज जपा, आणि जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अमरावतीच्या गृहस्थांनी तसा अर्ज दिलाय. माझ्या अर्जाला त्यांच्या कार्डाचे फोटो जोडलेत, त्यांच्या अर्जाला माझे.