वावरातला मांडव आणि नवरीची चप्पल: बसस्टँडामागच्या दुकानाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडामागे जोड्यांचे एक जुने दुकान आहे. त्याच्या पाटीवरचे नाव उन्हाने कधीच उडून गेले असल्याने सगळेजण त्याला ‘बसस्टँडामागचे दुकान’ एवढेच म्हणतात, आणि मीही तेच म्हणणार आहे. यंदा वैशाखात माझ्या भाचीचे लग्न झाले. मांडव घराला लागून असलेल्या वावरात होता, विधींसाठी पिवळे पातळ होते आणि सायंकाळच्या स्वागतसमारंभासाठी मरून शालू. या दोन्हींखाली चालेल अशी चप्पल घेण्यासाठी आम्ही तिघी, म्हणजे भाची, तिची आई आणि मी, त्या दुकानात दोन संध्याकाळी गेलो.

दुकान जेमतेम दहा फूट रुंद आहे. डाव्या भिंतीवर रोजच्या चपला आणि शाळेचे बूट, उजव्या भिंतीवर सँडल आणि बेली, तर समोरच्या काचेच्या कपाटात, ज्याला मालक ‘दुल्हन कपाट’ म्हणतात, सोनेरी, चंदेरी आणि मरून रंगाचा चमचमाट. मी तेवीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असल्यामुळे ते कपाट मला वेगळ्याच अर्थाने बघण्यासारखे वाटले, कारण युरोप, इराण, पंजाब आणि कोल्हापूर अशा चार दिशांच्या चार-पाचशे वर्षांच्या सवयी त्या सहा फळ्यांवर एकमेकींना खेटून बसल्या होत्या.

भाचीचा हात साहजिकच वरच्या फळीवरच्या पेन्सिल हीलकडे गेला. चार इंचांची, बोटाएवढी बारीक टाच. मालकांनी जोड खाली काढून दिला, पण देतादेताच म्हणाले, “काकू, मांडव वावरात हाय न? मंग पेन्सिल टाच नोका घेऊ, खुपसून बसन.” विकणाऱ्यानेच महागडा जोड घेऊ नका म्हणावे, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यांचे म्हणणे तंतोतंत खरे होते. वैशाखात आपली काळी माती भेगाळलेली असते, धूळ बसावी म्हणून मांडवात टँकरने पाणी मारतात, आणि वरून सतरंजी अंथरली तरी खालचा चिकटा तसाच राहतो. जेमतेम एक चौरस सेंटिमीटर टोकावर पंचावन्न किलोची नवरी उभी राहिली, तर ती टाच जाणार कुठे?

ही टाच मुळात घट्ट, गुळगुळीत फरशीसाठी जन्मलेली आहे. १९५०च्या दशकात टाचेच्या आत पोलादी कांडी बसवण्याचे तंत्र हाती आल्यावरच इतकी बारीक टाच शक्य झाली, कारण नुसत्या लाकडाची केली असती तर ती मोडलीच असती. पॅरिसमध्ये दिओर या फॅशनच्या पेढीसाठी काम करणाऱ्या रॉजे व्हिव्हिए यांचे नाव तिच्याशी जोडले जाते, आणि तिचे ‘स्टिलेटो’ हे नाव इटालियन भाषेतल्या छोट्या कट्यारीचे आहे. युरोपात त्या काळी या टाचांनी लाकडी फरशीला भोके पडतात म्हणून काही इमारतींत त्या घालून यायला मनाई होती. सागवानी फळीला जी टाच भोसकते, तिच्यापुढे आमच्या वावराचा काय पाड लागणार! गंमत म्हणजे उंच टाच ही मुळात बाईची वस्तूच नव्हती. इराणी घोडेस्वारांचा पाय रिकिबीत नीट अडकून राहावा म्हणून ती निघाली, सोळाशेच्या सुमारास युरोपातील पुरुषांनी उचलली आणि बायकांच्या पायात त्यानंतर आली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात तर लाल टाच हा सरदारांचा मान होता.

भाचीची उंची पाच फुटांना थोडी कमी असल्यामुळे तिच्या आईचा आग्रह जाड प्लॅटफॉर्मचा, म्हणजे पुढूनही उंच तळ असलेल्या जोडाचा होता. तो जोड घालून भाची बाकापासून दारापर्यंत चालली, ती आईच्या खांद्यावर हात ठेवूनच. मला व्हेनिसच्या ‘चोपिन’ची आठवण झाली. पंधराव्या ते सतराव्या शतकात तिथल्या श्रीमंत स्त्रिया लाकडाच्या किंवा बुचाच्या उंच ठोकळ्यांवर चढून चालत, त्यांपैकी काही जवळजवळ पन्नास सेंटिमीटर उंचीचे होते, आणि तोल सांभाळायला बाजूला दासी लागत. आमच्याकडे दासींच्या जागी करवल्या असतात, पण त्यांचे सगळे लक्ष नवरदेवाचे बूट लपवण्यात. प्लॅटफॉर्म परत फळीवर गेला.

खरा प्रश्न टोकदार बंद बुटापाशी आला, आणि दुकानाची परीक्षाही तिथेच झाली. मरून मखमली, पुढे निमुळता, दिसायला देखणा असा जोड भाचीला अगदी बरोबर बसला. तेव्हा मालकांनी गल्ल्याशेजारच्या डब्यातून रेक्झिनची एक चिंधी काढली, तिची दोरीसारखी वळी केली, भाचीच्या अंगठ्याशेजारच्या बोटाभोवती दोन वेढे दिले आणि आता घाल म्हणाले. पाय आत गेला, पण दोन पावलांतच तिच्या कपाळावर आठी आली. लग्नाच्या दिवशी त्या बोटात जोडवी येणार असतात, आणि चपलेची खरेदी मात्र आपण जोडवी नसलेल्या पायावर करतो, ही साधी गोष्ट आम्हा तिघींपैकी एकीच्याही लक्षात आली नव्हती. एवढ्या एका चिंधीसाठी मी या दुकानाला बाकी पुष्कळ गोष्टी माफ करीन.

निमुळत्या पुढच्या भागाचे आणि उंच टाचेचे वेड युरोपातही येते आणि जाते. राणी व्हिक्टोरियाने १० फेब्रुवारी १८४० रोजी लग्नात घातलेले पांढऱ्या साटिनचे जोडे तर अगदी सपाट आणि मऊ होते, फितींनी घोट्याशी बांधायचे. इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन या जोड्यांच्या गावच्या संग्रहालयात ते ठेवले आहेत. जगातल्या एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या राणीने सपाट जोड्यात लग्न केले, त्याचे कारण असे की फ्रेंच राज्यक्रांतीनंतर उंच टाच ही उमरावांची खूण ठरून मागे पडली होती आणि तिला पुन्हा मान मिळायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. त्या शतकाच्या सुरुवातीला डावा-उजवा असा भेदही पुष्कळ जोड्यांत नसे. आपल्या मोजडीत तो आजही नाही, पायच तिला हळूहळू डावी-उजवी करतात. कपाटात जरीच्या मोजड्या होत्या आणि सुंदर होत्या, पण लग्नाच्या आदल्या दिवशी घेतलेली मोजडी पायाला आकार देत नाही, फोड देते.

सोनेरी ‘कोल्हापुरी’बद्दल मालक पुन्हा सरळ बोलले. तिच्यावर तसे लिहिले असले तरी वरून रेक्झिन आणि खाली पीयू म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा सोल आहे, हे त्यांनी न विचारता सांगितले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची अस्सल कोल्हापुरी वेगळीच. २०१९ मध्ये महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांना तिचे भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशीच चप्पल दाखवल्यावर मोठा गदारोळ झाला. पण अस्सल चामड्याला ओला मांडव मानवत नाही, म्हणून तो विचार आम्हीच सोडला.

शेवटी घेतली ती दोन इंचांच्या रुंद ब्लॉक हीलची, पुढून उघडी, घोट्याला बक्कल असलेली फिक्या सोनेरी रंगाची सँडल, ७८० रुपयांना. तिच्याशेजारी वेज हीलही होती. १९३०च्या दशकात इथिओपियावरील हल्ल्यानंतर इटलीवर निर्बंध आले, तळव्याच्या पट्टीसाठी चांगले पोलाद मिळेनासे झाले, तेव्हा तिथले जोडे बनवणारे साल्वातोरे फेरागामो यांनी सार्डिनियाचे बूच वापरून टाच आणि तळ यांमधली पोकळी भरून काढली, आणि अडचणीतून निघालेली ती वेज आजही पायाला सगळ्यात कमी त्रास देते. मला तीच हवी होती. पण भाचीला ती ‘आजीबाईची’ वाटली आणि चप्पल तिची होती.

बक्कलचा मुद्दा मात्र मी लावून धरायला हवा होता. आपल्याकडे नवरी अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत अनवाणीच असते, म्हणजे दिवसभरात चप्पल चार-पाचदा काढावी आणि घालावी लागते. पातळाच्या निऱ्या सांभाळत वाकून बक्कल लावणे किती अवघड, ते त्या दिवशी कळले. प्रत्येक वेळी एक करवली खाली बसत होती.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चाळीस नंबरच्या पुढची एकही सँडल कपाटात नव्हती, त्यामुळे मोठ्या पायाच्या मुलींना यवतमाळ गाठावे लागेल. आरसा भिंतीवर कमरेच्या वर लावलेला आहे, जोड्यांच्या दुकानात त्याचा उपयोग काय, ते मला कळलेले नाही. बिल मागितल्यावर कागदाच्या चिठोऱ्यावर आकडा लिहून मिळाला. शिवाय घरी आल्यावर चौथ्या दिवशी डाव्या बक्कलची पिन निघाली. ती त्यांनी पैसे न घेता बसवून दिली, हे खरे, पण त्यासाठी चौदा किलोमीटरची एक फेरी झालीच.

माझ्या वहिनीने विचारले की ही सँडल आठवण म्हणून जपून ठेवावी का. मालक म्हणाले, जपू नका, घाला. पीयूचा तळ हवेतील ओलाव्याने आतून खराब होत जातो आणि न वापरताच काही वर्षांत त्याचा भुगा होतो. माझ्या थोरल्या जावेची अशीच एक जोडी कपाटातून काढताच हातात चुरली होती, तेव्हा हे मला पटले.

लग्नाच्या दिवशी टाच एकदाही रुतली नाही. रात्री नऊच्या सुमारास वरातीत सोनेरी रंगाचा थोडा पोपडा पुढच्या पट्ट्यावरून निघाला, तो फोटोत दिसत नाही. लग्नसराईत या दुकानात जायचे असेल तर संध्याकाळी सहानंतर जावे, कारण दिवसभराच्या उन्हाने पाय सुजलेला असतो आणि मांडवातही तो तसाच असणार. रविवारी बाजार असल्यामुळे बसायला जागा मिळत नाही. आणि नवरीला सोबत न नेता नुसता नंबर सांगून जोड घेऊ नये, कारण मग ती रेक्झिनची चिंधी डब्यातून बाहेर निघत नाही.