आठ इंची दुर्बीण: प्लायची पेटी की पाइपांचा सांगाडा?

आरसा मागवण्याआधी घराचा जिना मोजा. मी मोजला नव्हता. माझी पहिली दुर्बीण म्हणजे १२ मिमी प्लायची चौकोनी पेटी. गच्चीवर नेताना ती प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग खरवडायची. नुसती पेटीच साडेनऊ किलोच्या आसपास होती. आरसा, त्याची बैठक आणि खालचा डॉबसोनियन खोका (ज्यात टेकून दुर्बीण वर-खाली आणि गोल फिरते) वेगळा.

हा खोका ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या जॉन डॉबसन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फूटपाथवर लोकांना आकाश दाखवताना प्लाय आणि पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या. पण त्यांची रचना स्वस्त आणि सोपी होती, हलकी नव्हे. हलकेपणा आपला आपण शोधायचा.

२०० मिमी (आठ इंची) आरसा आणि १२०० मिमी फोकल लेंग्थ (आरशापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतचं अंतर) धरू.

पेटी ६ मिमी प्लायमध्ये केली, आतून कोपऱ्यांना लाकडी पट्ट्या मारल्या, की वजन पाच किलोवर येतं. कुठलाही सुतार करून देईल. एकदा केलेलं कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं) बरेच दिवस टिकतं, आणि धूळ आरशापर्यंत कमी पोचते. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही लहान गोष्ट नाही. पण उन्हाळ्याचीच दुसरी बाजू म्हणजे तापलेल्या खोलीतून आणलेला आरसा पेटीतली हवा गरम ठेवतो आणि गुरू उकळत्या पाण्यात ठेवल्यासारखा थरथरतो. आरशामागे कॉम्प्युटरचा जुना पंखा बसवा आणि तासभर थांबा.

सांगाड्यात १९ मिमीचे आठ ॲल्युमिनियम पाइप लागतात, सगळे मिळून सव्वा किलोच्या आसपास. हवा मोकळी खेळते, सुटे भाग मोटारसायकलवर मागे बांधता येतात. किंमत वेळेत मोजायची. जोडायला पंधरा मिनिटं, आणि दर वेळी नव्याने कॉलिमेशन. शिवाय शहराचा उजेड अडवायला काळं कापड गुंडाळावंच लागतं. मागांच्या गावात कापडाला तोटा नाही, पण सैल कापड आत झुकून प्रकाशाच्या वाटेत येतं आणि वारा सुटला की शिडासारखं फुगतं. ताणून बसवा.

वजन कमी करायचं म्हटलं की सगळे आधी आरशाकडे बघतात. २५ मिमी जाड साध्या काचेचा आरसा जवळपास दोन किलो, १९ मिमीचा दीड. वाचला अर्धा किलो! पण तो वाचला तळातून. माझ्या सांगाड्याच्या हिशोबात या बदलाने तोलबिंदू दोनेक सेंटिमीटर वर सरकतो, म्हणजे खालचा खोका तेवढा उंच करावा लागतो. शिवाय पातळ काच वाकू नये म्हणून तीन टेकूंऐवजी नऊ टेकू केलेले बरे. तोच अर्धा किलो वरच्या टोकाकडून काढा (नेत्रिका पुढे-मागे करणारा फोकसर हलका, नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीऐवजी म्हणजे फाइंडरऐवजी साधं लाल ठिपक्याचं दर्शक, वरच्या छोट्या दुय्यम आरशाची बारीक दांडी) आणि तोलबिंदू सहा सेंटिमीटर खाली येतो. खोका ठेंगणा, दुर्बीण स्थिर. पैसे वरच्या टोकावर खर्च करा.

बारीक दोरांवर ताणलेल्या दुर्बिणीही लोक करतात. दिसायला सुंदर. पहिल्याच खेपेला नको.

गच्चीपुरतंच बघायचं असेल तर सहा इंची पेटीही वाईट नाही. प्रकाश आठ इंचीच्या ५६ टक्केच, पण १५० मिमी आरसा १२०० मिमी फोकल लेंग्थचा केला तर पॅराबोलिक न करता नुसता गोलाच्या वक्रतेत घासलेलाही जवळपास चालून जातो, आणि घरी घासणाऱ्याला याहून मोठी सवलत नाही.

मी स्वतः आता सांगाड्यावर आहे, कारण दक्षिणेचं आकाश. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सोलापुरातून जेमतेम २५ अंश वर येतो, एप्रिलच्या मध्याला मध्यरात्रीच्या सुमारास. माझ्या गच्चीवरून तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी दिसते. विजापूर रस्त्याने शहर मागे टाकलं की टाकी नाही, दिवे मागे राहतात. पेटी घेऊन तिथे जायला टेम्पो करावा लागला असता.