कामगार कपातीसाठी सल्लागार नेमला, त्याचा अनुभव

रबाळे एमआयडीसीत आमचे प्लास्टिक मोल्डिंगचे छोटे युनिट असून तेथे 34 माणसे काम करीत होती. 2025 च्या उन्हाळ्यात एका मोठ्या ग्राहकाने काम काढून घेतले, दोन मशीन बंद पडल्या आणि 7 जणांना कमी करण्याखेरीज मार्ग उरला नाही. या कामासाठी ठाण्यात नौपाड्यातील एका कामगार कायदा सल्लागाराची सेवा आम्ही घेतली. आमच्यासारख्या लहान कारखानदारांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी आमच्या हिशेबनिसाने नेहमीचा तोडगा सुचवला होता, की सर्वांकडून राजीनामे लिहून घ्यावेत आणि हातावर महिन्याचा पगार ठेवावा. सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत त्याला साफ नकार दिला. दडपणाखाली घेतलेला राजीनामा न्यायालयात कपातच ठरू शकतो आणि मग ती कायदा न पाळता केलेली कपात होते, असे त्यांनी सांगितले, आणि तसे राजीनामे घ्यायचे असतील तर दुसरा सल्लागार पाहा, असेही सुनावले. त्या वेळी राग आला होता. आज वाटते, फीचे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

त्यांचे खरे कौशल्य दिसले ते मस्टर तपासताना. एका हेल्परला लागून 11 महिनेच झाले होते, त्यामुळे त्याला काही देणे लागत नाही, अशी माझी ठाम समजूत होती. त्यांनी पेन्सिलीने एकेक महिना मोजला, पगारी रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही धरल्या आणि 251 हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून माझ्यापुढे सरकवला. मागील 12 महिन्यांत 240 दिवस भरले की कायद्याच्या दृष्टीने वर्षाची सलग सेवा झाली. 11 महिन्यांनी ब्रेक देण्याची आपल्याकडची युक्ती इथे चालत नाही. सुपरवायझर म्हणून नोंदलेला एक जण दिवसभर स्वतःच मशीन चालवत असल्याने तोही कामगारच ठरला, कारण हुद्द्याच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते.

यादीवरून आमचा वादही झाला. मला 2021 मध्ये आलेला एक चलाख ऑपरेटर ठेवायचा होता आणि 2016 पासूनच्या एकाला कमी करायचे होते. हेल्पर, ऑपरेटर आणि सेटर (मशीनवर साचे बसवणारा) अशा वेगळ्या ज्येष्ठता याद्या करून प्रत्येकीत शेवटी आलेला आधी जाईल हा क्रम पाळावा लागतो, आणि तो मोडायचा असेल तर टिकेल असे कारण लेखी नोंदवावे लागते, असे त्यांचे म्हणणे. 'चलाख आहे' हे कारण त्यांनी कागदावर येऊच दिले नाही. मर्जीतला माणूस ठेवल्यास महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार 90 दिवसांत होऊ शकते, हेही बजावले. अखेर याद्या 7 दिवस आधी सूचना फलकावर लागल्या आणि 2021 वालाच गेला.

हिशेब त्यांनी प्रत्येकाचा स्वतंत्र दिला. उदाहरणार्थ, 9 वर्षे 7 महिने सेवा झालेल्या एका ऑपरेटरचा मागील 3 महिन्यांचा सरासरी पगार 18,200 रुपये होता. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून 10 वर्षांचे प्रत्येकी 15 दिवसांप्रमाणे 91,000 रुपये नुकसानभरपाई, महिन्याच्या नोटिशीऐवजी 18,200 रुपये, आणि मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 14,300 रुपये धरून, त्याला 26 ने भागून काढलेली ग्रॅच्युइटी 82,500 रुपये. शिल्लक रजा आणि बोनस त्याखेरीज. नुकसानभरपाई आणि नोटिशीचा पगार पत्रासोबत त्याच दिवशी द्यायचा, 'पुढच्या महिन्यात देतो' म्हटले तर सगळी कपातच बेकायदा ठरू शकते, यावर ते अडून बसले. त्यासाठी मला ओव्हरड्राफ्ट काढावा लागला. शासनाला द्यायची नोटीस मात्र त्यांनी स्वतः दाखल केली, त्यात आम्हाला काहीच त्रास झाला नाही.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. कपातीची पत्रे त्यांनी इंग्रजीत आणली. दिघा आणि कळव्याहून येणाऱ्या माणसांच्या हाती आपली नोकरी का गेली हे न समजणारा कागद देणे मला पटेना, म्हणून आदल्या रात्री मी आणि माझ्या पत्नीने बसून ती मराठीत आणि हिंदीत तयार केली. पत्रे देण्याच्या दिवशी स्वतः येतो म्हणाले होते, प्रत्यक्षात पाठवले एका नवख्या सहायकाला, ज्याला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. ठरलेल्या 35,000 रुपयांवर 'भेटींचा खर्च' म्हणून 6,000 रुपये वेगळे लावले, त्याची आधी कल्पना दिलेली नव्हती.

आमचे काम ऑगस्टमध्ये, म्हणजे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याखाली झाले. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. भरपाईचे 15 दिवसांचे सूत्र तिच्यात तसेच असले तरी कपात झालेल्या कामगाराच्या पुनर्कौशल्य (नवे काम शिकण्याच्या) निधीसाठी मालकाला आणखी 15 दिवसांचे वेतन भरावे लागते. कपातीसाठी सरकारच्या पूर्वपरवानगीची अट आता 100 ऐवजी 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होते, म्हणजे आमच्यासारख्यांना ती आधीही नव्हती आणि आताही नाही. वेतन संहितेनुसार कमी केलेल्या कामगाराचा राहिलेला पगार 2 कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. त्यामुळे जुने नमुने घेऊन फिरणाऱ्या सल्लागाराला पहिला प्रश्न याविषयीच विचारावा.

फेब्रुवारीत नवीन ऑर्डर आली आणि दोन ऑपरेटर हवे झाले. मी जाहिरात द्यायच्या तयारीत असताना सल्लागारांनीच आठवण केली, की कमी केलेल्यांना एका वर्षाच्या आत आधी विचारणे बंधनकारक आहे, आणि त्या पत्रांचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. या वेळी पत्रे मराठीत होती. एक जण तळोज्यात लागला होता, त्याने नकार कळवला. दुसरा, म्हणजे तोच 2021 वाला, सोमवारी सकाळी पावणेआठला गेटवर डबा घेऊन हजर होता.