अलॉयनंतर स्टीअरिंग थरथरतंय: पुन्हा बॅलन्सिंग की हब रिंग?

नवे अलॉय (हलक्या मिश्रधातूची चाकं) बसवले, बेळगावात गाडी मऊ चालते, पण काकती सोडून काटा ऐंशीच्या वर गेला की स्टीअरिंग हातात थरथरायला लागतं. माझ्या स्विफ्टचं नेमकं हेच झालं होतं. अशा वेळी दोन सल्ले मिळतात: परत बॅलन्सिंग करून घ्या, म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधा, नाहीतर हब रिंग घाला, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा मधला गोल भाग (हब) आणि चाकाचं भोक यांच्यातली फट भरणारी कडी. मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितोय.

आधी दोष चाकांचाच आहे ना, ते बघा. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क तपासायला हवी. स्टीअरिंग शांत आणि सीटखाली जाणवत असेल तर बहुधा मागची चाकं. अलाइनमेंटच्या मागे लगेच लागू नका. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला झिजतो, ठरावीक वेगाला अशी थरथर सहसा येत नाही. आणि आपल्याकडचं एक कारण: पावसात खानापूर-जांबोटीकडे जाऊन आलात की लाल चिखल रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळतो. मूठभर चिखलही तोल घालवायला पुरतो. पाइप लावून आतून धुऊन बघा, कदाचित तेवढ्यावरच काम भागेल. माझं भागलं नाही. मग माळ्यावरची जुनी स्टीलची चाकं पुढे लावून कोगनोळी टोलनाक्यापर्यंत जाऊन आलो. स्टीअरिंग एकदम शांत. म्हणजे गाडीत काही नव्हतं; नव्या चाकांत किंवा ती बसवण्यात होतं.

बॅलन्सिंगला मी नावं ठेवणार नाही. रिमला लावलेलं वजन गळून पडलं असेल, टायर नवा असेल, तर आधी तेच करायचं. खड्ड्यात आदळून रिमची आतली कड वाकली असेल तर तीही मशीनवर फिरताना दिसते, म्हणून शेजारी उभं राहून बघा. मी तीन वेळा करून घेतलं. तिसऱ्या वेळी त्या मुलाने मला मशीनजवळ बोलावलं आणि आकड्यांवर बोट ठेवलं. "काका, झिरो-झिरो दाखवालंय बघा. आता मी काय करू?" तो खरंच बोलत होता.

मशीनवर चाक मधल्या भोकात शंकू घालून बसवतात, त्यामुळे तिथे ते बरोबर मध्यावर असतं. गाडीवर तसं होत नाही. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, माझ्या अलॉयचं मधलं भोक ६७.१ मिलिमीटरचं. एकच रिम अनेक गाड्यांना चालावी म्हणून हे भोक मोठं ठेवतात. म्हणजे हबच्या भोवती साडेसहा मिलिमीटर मोकळी जागा. चाक मध्यावर आणायचं काम फक्त चार निमुळत्या नटांवर येतं. चाक हवेत ठेवून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळत गेलं तर ते जमतंही. पण नट आवळायची गन लावून पहिलाच नट करकचून आवळला, की चाक केसभर बाजूला बसतं आणि तसंच फिरत राहतं.

माझा निर्णय झाला तो यामुळेच. एका बॅलन्सिंगनंतर गाडी छान झालीही होती. दोन आठवड्यांनी निपाणीत पुढचं चाक पंक्चर झालं, रस्त्याकडेच्या दुकानात काढून परत बसवलं, आणि तवंदी घाट ओलांडून संकेश्वरच्या सरळ रस्त्याला लागलो तर थरथर हजर. टायर तोच, वजनं जागच्या जागी, फक्त चाक एकदा निघून परत बसलेलं. घरी पोचेपर्यंत दोन्ही तळवे झिणझिणत होते. दर पंक्चरनंतर चाक कसं बसलं असेल याची धाकधूक मला नको होती.

रिंगा मी उद्यमबागेत लेथवर ॲल्युमिनियमच्या करून घेतल्या. हब आणि रिमचं भोक, दोन्ही व्हर्निअरने (बारीक माप घ्यायच्या पट्टीने) मोजूनच माप द्या. रिंग गाडीचं वजन पेलत नाही. नट आवळेपर्यंत चाक मध्यावर धरते, एवढंच तिचं काम. आधी चाक हबवर ठेवलं की खाली लोंबायचं. रिंग घातल्यावर ते घट्ट सरकलं, टक्‌कन बसलं आणि हात सोडला तरी हललं नाही. त्या दिवशी बॅलन्सिंगला हातही लावला नाही. हत्तरगी टोलनाक्यापर्यंत गेलो, नव्वदला स्टीअरिंग स्थिर. मोजमाप काही केलेलं नाही, हाताला जे जाणवलं ते सांगतोय. त्यानंतर दोन पंक्चर झाली, थरथर परत आली नाही.

प्लास्टिकची रिंग स्वस्त मिळते आणि गंजून अडकत नाही. सपाट रस्त्यावर चालवणाऱ्याला ती पुरेल बहुतेक. माझं जाणं चोर्ला घाटातून गोव्याकडे फार. तिथे उतारावर ब्रेक तापतात आणि उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं. म्हणून मला धातूचीच बरी वाटते.

तिची एक अडचण मात्र आधी माहीत असू द्या. जांबोटीच्या पुढे भर पावसात मी स्टेपनी लावायला गेलो तर ती चढेचना. रिंग हबला चिकटून राहिलेली, आणि स्टीलच्या स्टेपनीचं भोक हबच्याच मापाचं. रिंग निघाल्याशिवाय ती बसणारच नाही. स्क्रू ड्रायव्हरने कडेकडेने उचकटून काढायला बराच वेळ गेला. आता चाक निघालं की हब तारेच्या ब्रशने घासतो, रिंगला आतून ग्रीसचं पुसट बोट फिरवतो, डिस्कला आणि नटांना लागू न देता. चपटा स्क्रू ड्रायव्हर स्टेपनीजवळच ठेवलाय.