मेण की वाळू? ओतकाम आणि खडे बसवणं नव्याने शिकणाऱ्यांसाठी

लॉस्ट वॅक्सने (मेणाचा नमुना प्लास्टरमध्ये पुरून, जाळून, त्या पोकळीत धातू ओतायचा) सुरुवात करू की डेल्फ्ट क्लेच्या वाळूने (तेल मिसळलेल्या बारीक वाळूत नमुना दाबून साचा करायचा), असं कोणी विचारलं की मी आधी विचारतो, खडा कुठला बसवणार आहात? बहुतेक जण ओतकाम वेगळं आणि सेटिंग वेगळं धरून चालतात. पण एकदा अंगठी ओतून झाली की त्यात खडा कसा बसणार हे निम्मं ठरूनच गेलेलं असतं.

मी दोन्ही पद्धतींनी चांदी ओतलीये. डिटेलचं म्हणाल तर मेणाला तोड नाही, हे सरळ मान्य. बारीक नक्षी, मागे वळलेली पाकळी, आतला पोकळ भाग, सगळं जसंच्या तसं उतरतं, कारण तिथे साचा उघडायचा नसतोच, मेण जळून जातं आणि शेवटी प्लास्टर फोडायचं. वाळूत पॅटर्न, म्हणजे नमुना, दाबून, साच्याच्या दोन्ही रिंगा वेगळ्या करून तो बाहेर काढावा लागतो, त्यामुळे खाली वळलेला भाग असला की काढताना वाळूची कड तुटते. आणि काडीएवढ्या बारीक प्रॉंगपर्यंत (खडा धरून ठेवणारा आकडा) धातू पोचायच्या आधीच गोठतो. तेव्हा कोणाला सुरुवातीपासून नाजूक, जाळीदार कामच करायचंय तर त्याने मेणाकडेच जावं, मी अडवणार नाही.

मला खटकलं ते बर्नआउट, म्हणजे भट्टीत मेण जाळून काढणं. इन्व्हेस्टमेंट (साच्याची प्लास्टर पावडर) पाण्यात पडल्यापासून हातात साधारण 9-10 मिनिटं, तेवढ्यात कालवायचं, हवा काढायची, फ्लास्क (मेणाभोवतीचं धातूचं नळकांडं) भरायचा. मग ते नीट जमू द्यायचं, मग भट्टीत टप्प्याटप्प्याने 730 अंशांच्या आसपास न्यायचं, तिथे टिकवायचं, आणि चांदी ओतायच्या आधी परत बरंच खाली आणायचं. घाई केली की प्लास्टर तडकतं, तापमान फार वर गेलं की त्यातलं जिप्सम फुटून गंधकाचे वायू सुटतात आणि चांदीचा पृष्ठभाग खराब होतो. लहानशा फ्लास्कलाही यात कित्येक तास जातात, बरं तेही चालेल, वेळ जातो त्याचं मला एवढं काही वाटत नाही. पण एवढं सगळं करून ओतताना अंगठीची एक बाजू भरली नाही, तर कोरलेलं मेण तर कधीच जळून गेलेलं असतं. परत नवीन कोरा. आणि नवीन कोरलेलं मेण आधीच्यासारखं तंतोतंत नसतं, त्यामुळे चूक स्प्रूच्या (धातू आत जायच्या वाटेच्या) जाडीत होती की तापमानात की आकारातच, हे समजायला वावच राहत नाही. शिकणाऱ्यासाठी ही गोष्ट मला सगळ्यात वाईट वाटते.

वाळूत पॅटर्न हातात राहतो. हार्ड वॅक्समध्येच कोरा, टाल्क भुरभुरून दाबा, अख्खा परत मिळतो. नाही भरलं तर तोच पॅटर्न परत दाबायचा, तीच चांदी चिमूटभर टाकणखार टाकून परत मुशीत, आणि या वेळी फक्त एक गोष्ट बदलून बघायची, हवेची वाट अजून एक काढा किंवा ओतायचं तोंड जरा मोठं करा. काळी पडलेली वाळू खरवडून टाकली की बाकीची पुढच्या साच्याला चालते. 925 चांदी 900 अंशांच्या आसपास पूर्ण वितळते पण तेवढ्यावर ओतू नका, मुशीत पाऱ्यासारखी लोळायला लागली आणि वर चमक आली की मग ओता. चांदी किती घ्यायची तर मेणाच्या वजनाच्या साधारण साडेदहा पट, वर स्प्रू आणि बटणासाठी (ओतायच्या तोंडात उरणारा गोळा) जास्तीची.

धूर दोन्हीकडे आहे, वाळूतलं तेल जळतं तेव्हा चांगलाच होतो, खिडक्या उघड्या पाहिजेत. पण इन्व्हेस्टमेंटच्या कोरड्या पावडरीत बारीक सिलिका असते, ती फुप्फुसात जाऊन बसते, तिथे साधा कापडी मास्क पुरत नाही, चांगला रेस्पिरेटर लागतो.

आता खडा. वाळूतून अंगठी जरा जाडच निघते, आणि कोंदणाला (खड्याभोवती पट्टी दाबून तो बसवणं) ती बरी पडते. वरचा भाग कानशीने सपाट करायचा, शुद्ध चांदीची साधारण 0.3 मिलिमीटरची पट्टी खड्याभोवती मापून डाख मारायचा, पिकलमधून (डाखानंतरचा काळेपणा काढणारं आम्लाचं पाणी) काढून धुवायचं, आणि खडा अगदी शेवटी. पट्टी दाबताना एकाच बाजूने गोल फिरत जाऊ नका, समोरासमोर दाबा, नाहीतर शेवटी एका जागी फुगवटा येतो आणि तो काही केल्या बसत नाही. शुद्ध चांदी मऊ असल्यामुळे हात थोडा इकडेतिकडे झाला तरी ती सांभाळून घेते. मेणातून ओतलेल्या प्रॉंगमध्ये आत एखादं बारीक छिद्र राहिलं असेल तर वाकवतानाच तो तुटतो, आणि तोवर अंगठी पॉलिश होऊन तयार झालेली असते.

मेणातच खडा बसवून वरून धातू ओतायचा प्रकारही आहे, पण ती उष्णता हिरा, माणिक, नीलम असले खडे सोसतात. ओपल, फिरोजा, ऍमेथिस्ट यांच्या वाटेला ते नको. फिरोजा आणि मोती तर पिकलमध्येही घालू नका.

कोणाच्या ओळखीत भट्टी आहे, शेजारी बसून दाखवणारं माणूस आहे, तर मेणाने सुरुवात केली तरी काही बिघडत नाही कदाचित. एकट्याने, टेबलावर, टॉर्च घेऊन शिकणार असाल तर मी वाळू आणि कोंदण म्हणेन, आणि पहिला खडा गोल काबोशॉन (पैलू नसलेला, वरून गुळगुळीत फुगीर) घ्या, कोपरे असलेला नको, कोपऱ्यात पट्टी दुमडते तिथे फार हाल होतात.