उतरवून ठेवलेला पंखा: दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

रंगकामासाठी उतरवलेला जुना छताचा पंखा पुष्कळदा परत वर चढत नाही. तो माळ्यावर पडून राहतो आणि शेवटी वजनावर भंगारात जातो. काटकसरीने संसार करणाऱ्याने त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पंख्यात नेमके काय बिघडले आहे, आणि दुरुस्तीनंतर तो रोज किती तास फिरणार आहे?

पंखा नुसता गुणगुणतो, काठीने ढकलल्यावर फिरू लागतो किंवा फारच संथ चालतो, तेव्हा बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. तो साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा असतो आणि शंभर रुपयांच्या आत मिळतो. जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा घ्यावा. वेग वाढावा म्हणून मोठा कपॅसिटर बसवून देणारे कारागीर भेटतात, पण त्याने वाइंडिंग (मोटरीतील तारेचे वेढे) तापते आणि शंभर रुपयांचे काम पुढे महागात पडते. हाताने फिरवल्यावर खरखर जाणवली, तर वरचे आणि खालचे अशी दोन्ही बेअरिंगे एकदमच बदलून घ्यावीत, कारण पंखा पुन्हा उघडण्याची मजुरी त्यामुळे वाचते. एवढ्या किरकोळ बिघाडासाठी चांगला पंखा भंगारात देणे मला अजिबात पटत नाही.

जळका वास येऊन पंखा बंद पडला असेल, तर मात्र वाइंडिंग जळलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते नव्याने भरून मिळते; परंतु तार तांब्याचीच, मूळ जाडीची आणि तेवढ्याच वेढ्यांची असावी, हे काम देतानाच स्पष्ट करावे, अन्यथा पंखा तापतो, घुमतो आणि वीजही जास्त घेतो. इथे दुरुस्तीचा खर्च वाढतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी काढावे.

१२०० मिलिमीटरचा साधा जुना पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट घेतो, तर नवा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा) पंखा सुमारे ३० वॅटमध्ये तेवढेच काम करतो. रोज १२ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरल्यास हा फरक १६२ युनिटांचा होतो. युनिटला ८ रुपये धरले, तर वर्षाला जवळजवळ १,३०० रुपये वाचतात आणि अडीच ते साडेतीन हजारांचा नवा पंखा दोन ते पावणेतीन वर्षांत आपली किंमत भरून काढतो. म्हणून झोपण्याच्या खोलीत, किंवा आजारी माणूस दिवसभर असतो त्या खोलीत, मी नव्याचीच शिफारस करीन; वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरही तो अधिक वेळ चालतो. मात्र पाहुण्यांच्या खोलीत किंवा देवघरात पंखा रोज दोनच तास लागत असेल, तर वर्षाची बचत २७ युनिटांची, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्याही आतली राहते, आणि नव्याची किंमत वसूल व्हायला अकरा-बारा वर्षे तरी जातात. तिथे दुरुस्त केलेला जुना पंखाच योग्य. आपला खरा दर वीजबिलावर पाहून हा हिशेब पुन्हा मांडावा.

बीएलडीसी पंख्याची एक अडचण खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावी: त्यातील इलेक्ट्रॉनिक बोर्ड बिघडल्यास गल्लीतला कारागीर बहुधा तो दुरुस्त करू शकत नाही, त्यामुळे हमीचा काळ आणि आपल्या गावातील सेवा केंद्र यांची चौकशी किमतीइतकीच महत्त्वाची ठरते. असा पंखा नेहमीच्या रेग्युलेटरवरही चालवू नये. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचत दाखवणारे स्टार लेबल बंधनकारक आहे, तेव्हा ते पाहूनच निवड करावी.

जुना पंखा ठेवायचे ठरल्यास त्याची तिन्ही पाती एकत्रच जपावीत, कारण दुसऱ्या पंख्याचे एखादे पाते जोडले की तोल जाऊन पंखा थरथरतो. खोक्यासारखा जुना रेग्युलेटर असेल, तर तोही बदलावा. कमी वेगावर तो उरलेली वीज उष्णतेत घालवतो. पुन्हा टांगण्यापूर्वी मेन स्विच बंद करून दांड्याचे नटबोल्ट, त्यांतील पिना आणि हुकाजवळचे रबर तपासावे, आणि झिजलेला भाग दिसल्यास तो बदलल्याशिवाय पंखा वर चढवू नये.